दुसऱ्यांच्या नावावर दिलेल्या परीक्षा

हे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही, आणि त्याचे कारण गुन्हा फार मोठा होता असे नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आज नीट आठवतही नाहीत. हे मात्र तारखेसकट नसले तरी माणसांसकट आठवते.

काळ सत्तरच्या दशकाचा. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. गावाचे, कारखान्याचे आणि संस्थेचे नाव देत नाही. त्यातली काही माणसे अजून आहेत आणि जी नाहीत त्यांची मुलेबाळे आहेत.

सुरुवात एका अपघाताने झाली. आमच्या हद्दीतल्या साखर कारखान्यात हंगाम ऐन भरात होता. दुपारी दोनच्या सुमारास टाइमकीपर सायकलवर ठाण्यात आला आणि गव्हाणीत, म्हणजे चरकाकडे जाणारा ऊस टाकतात त्या खंदकात, एका मजुराचा हात अडकल्याची वर्दी दिली. मी हवालदाराला घेऊन गेलो. मजुराला तोवर मिरजेला दवाखान्यात हलवले होते. जागेवर रक्त, उसाच्या चिपाडाचा चिखल आणि बंद पडलेली साखळी, एवढेच होते.

ऊस चरकाकडे नेणारी ही साखळी एका मोठ्या दातेरी चाकावरून फिरते. ते चाक दांड्यावर पक्के राहावे म्हणून दोघांच्या मधल्या खाचेत वीतभर लोखंडी तुकडा ठोकून बसवतात. फिटर लोक त्याला चावी म्हणतात. मशिन बंद करून मजूर अडकलेला ऊस काढत होता. साखळीवर उसाचा भार होता. चावी सैल असल्याने चाक दांड्यावर फिरले आणि साखळी हातभर मागे सरकली. तेवढ्यात उजव्या हाताची चार बोटे गेली.

मी पंचनामा केला, चावी मुद्देमाल म्हणून जप्त केली, हजर लोकांचे जबाब घेतले. मॅनेजरचे म्हणणे पडले की मजुराची नजरचूक आहे, विमा आहे, प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही. असे प्रत्येक मॅनेजर म्हणतो. मीही हा गुन्हा हयगयीमुळे झालेली गंभीर दुखापत, कलम ३३८, एवढ्यावरच संपेल असे धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी कारखान्याचा चीफ फिटर ठाण्यात आला. साताऱ्याकडचा माणूस, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन इथे लागलेला. ठाणे अंमलदाराने बसा म्हटले तरी बसला नाही. मला एकट्याला भेटायचे म्हणाला. माझ्या अनुभवात जो माणूस बसत नाही, तो एक तर खोटे बोलायला आलेला असतो किंवा फार दिवस दाबून ठेवलेले बोलायला.

त्याने जप्त केलेली चावी बघायला मागितली. मी काढून दिली. ती त्याने उजेडाकडे धरली आणि मला तिची कड दाखवली. मधे फुगीर, टोकांना उतरती. खाचेत घट्ट बसत नव्हती म्हणून बाजूला पत्र्याचे तुकडे घालून ठोकली होती. ते तुकडेही त्याने खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवले. ते त्याला गव्हाणीखाली सापडले होते.

“साहेब, ज्यानं ही चावी घासलीय त्यो पास झालेला फिटर हाय,” तो म्हणाला. “सर्टिफिकेटवर प्रॅक्टिकलला शंभरात एक्याण्णव मार्क हायेत. फौजेत वीस वर्सं रंगरूट बघितलेत मी. ह्या पोरानं कवा कानस धरलेली न्हाई.”

मी विचारले की मार्क जास्त पडले आणि हात कच्चा राहिला, असे होत नाही का. तो म्हणाला, लिहायच्या पेपरात होतं, कानशीत होत नाही. सायकल येते किंवा येत नाही, तसे ते आहे. त्याने नोकरीच्या फायलीतली सर्टिफिकेटची नक्कल आणली होती. हे मॅनेजरला ठाऊक आहे का, असे विचारल्यावर त्याने नाही म्हणून सांगितले. त्याच्या नोकरीला त्यामुळे धोका होता हे आम्हा दोघांनाही समजत होते.

ज्या तरुणाने चावी बसवली तो बागाईतदार घरचा, विशीतला. थोरला भाऊ फौजेत, वडिलांचा उसाचा मळा. मी त्याला बोलावले तेव्हा तो वडिलांबरोबर आला आणि प्रत्येक प्रश्नाला आधी वडिलांकडे बघू लागला. मी वडिलांना बाहेर चहाला पाठवले. तरी तो आपल्या म्हणण्यावर ठाम होता. संस्थेत दोन वर्षे शिकलो, परीक्षा दिली, पास झालो. घाईत काम केले म्हणून चावी सैल राहिली.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्याला बोलावले. चीफ फिटरने बेंचवरच्या पकडीत, म्हणजे व्हाइसमध्ये, लोखंडाचा एक तुकडा पकडून दिला, शेजारी कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या ठेवला. एक बाजू सपाट करून दाखव, एवढेच सांगितले. त्याने कानस हातात घेतली. मी त्या कामातला नाही, पण मलाही दिसत होते. कानस पुढे जाताना खाली वाकत होती आणि मागे येताना वर उचलत होती, झोपाळ्यासारखी. पाऊण तास तो घासत राहिला. कुणी हसले नाही, कुणी टोकले नाही. शेवटी त्याने कानस खाली ठेवली आणि घाम पुसला.

“माझ्यानं व्हत न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “प्रॅक्टिकलला मी नव्हतो.”

मग त्याने जबाब दिला. दोन वर्षांतला बराच काळ तो संस्थेत गेलाच नव्हता. हजेरी लागत होती. लेखी पेपर त्याने स्वतः लिहिले. प्रॅक्टिकलच्या दोन्ही दिवशी निदेशकाने, म्हणजे वर्कशॉप शिकवणाऱ्या मास्तरांनी, त्याला घरीच थांबायला सांगितले. त्याच्या जागी कोण उभे राहिले हे त्याला माहीत नव्हते, आणि त्याने ते विचारलेही नव्हते. वडील आणि निदेशक यांच्यात काय ठरले ते आरोपपत्रात आले आहे. इथे त्याची गरज नाही.

तो उठताना मी त्याला विचारले की मजुराला बघायला गेला होतास का. तो म्हणाला, वडील जाऊ देत नाहीत.

संस्था सरकारमान्य होती. फिटर, टर्नर आणि वायरमन असे तीन व्यवसाय शिकवत. मोठी पत्र्याची शेड, ओळीने बेंच, प्रत्येक बेंचला व्हाइस. त्या भागातल्या पोरांना शेती सोडून दुसरी वाट म्हणजे एक फौज आणि दुसरी ही शेड. त्यामुळे गावात संस्थेला मान होता आणि निदेशकालाही. निदेशक सभ्य, मोजके बोलणारा माणूस. त्याने हजेरीपट दाखवले, परीक्षेच्या दिवसाचा सह्यांचा तक्ता दाखवला. सगळे जागच्या जागी. परीक्षक बाहेरगावचा, दर खेपेला वेगळा, तो मुलांना चेहऱ्याने ओळखत नव्हता. त्या संस्थेच्या प्रवेशपत्रांवर फोटो नव्हते. बरोबरच्या मुलांकडे चौकशी केली तर सगळे म्हणाले, आम्ही आपापल्या कामात होतो, आजूबाजूला बघायला वेळ कुणाला. वर्षभराच्या कामाचे मार्क ज्याच्या हातात असतात त्याच्याविरुद्ध कुणी काही बघत नाही, हे मी धरूनच चाललो होतो.

कागद बोलणार नाहीत हे कळल्यावर मी चीफ फिटरला पंच म्हणून बरोबर घेतले. परीक्षेत मुलांनी केलेले लोखंडी जॉब संस्थेच्या स्टोअरमध्ये पेट्यांत ठेवलेले होते, प्रत्येकावर परीक्षार्थीचा नंबर ठोकलेला. जॉब म्हणजे दोन तुकडे. एकात खाच, दुसऱ्यात तिच्या मापाचा दात. एकमेकांत बसवून खिडकीकडे धरले की मधून उजेड दिसता कामा नये. परीक्षा वर्षातून दोनदा होत. तीन वर्षांच्या पेट्या आम्ही जमिनीवर पसरल्या. चीफ फिटरने चष्मा लावला आणि एक एक जोडी उजेडाकडे धरून पाहू लागला. दुपारपर्यंत त्याने सहा जोड्या बाजूला काढल्या. एक आमच्या तरुणाच्या नंबरची होती.

सहाही एकाच हाताच्या आहेत, असे त्याने सांगितले. कडा मोडायची पद्धत एक, आणि कानशीचे बारीक ओरखडे सगळ्यांचे एका बाजूला तिरके असतात तर या सहांवर ते उलट्या बाजूला होते. “डावखुरा गडी हाय,” तो म्हणाला. मग त्याने हेही सांगितले की असे काम त्याच्या स्वतःच्या हातून आता होणार नाही.

संस्थेत डावखुरा कोण, याची मी चौकशी केली. शिकणाऱ्यांत दोन निघाले, पण ते त्याच वर्षी आलेले. शिकवणाऱ्यांत कुणी नव्हते. दोन दिवस तपास तिथेच अडला. डीवायएसपी साहेबांनी फोनवर विचारले, तेव्हा तपास चालू आहे एवढेच मी सांगितले.

तिसऱ्या दिवशी मी पेट्यांना सील करायला गेलो. वर्कशॉपचा अटेंडंट मदतीला होता. तिशीतला, आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातला, चौथी शिकलेला. हत्यारे काढून देणे, बेंच झाडणे, लोखंडाचा कीस भरून टाकणे हे त्याचे काम. नऊ वर्षे तो तिथे होता. आम्ही गेलो की आला, बोलावले की उभा, त्यामुळे त्याच्याकडे आमच्यातल्या कुणीही लक्ष दिलेले नव्हते. पावतीवर त्याने उजव्या हाताने सही केली. मग एका पेटीचा कोयंडा कडीत बसेना. त्याने फळीवरची कानस उचलली आणि कोयंड्याची कड चार हातांत उतरवली. कानशीची मूठ त्याच्या डाव्या हातात होती. पाय, खांदा, सगळे डाव्या माणसासारखे. कोयंडा कडीत बसला. मी हवालदाराकडे बघितले. त्यानेही ते पाहिले होते.

मी सील करण्याचे काम पुरे केले. संध्याकाळच्या आत त्याला ठाण्यात आणले.

त्या काळात चौकशीच्या पद्धती काय होत्या हे मी लपवत नाही. हवालदाराने मला विचारले, साहेब, जरा खोलीत घेऊ का. मी नको म्हटले. दयेपोटी नव्हे. जो माणूस नऊ वर्षे गप्प राहून शिकला त्याला गप्प राहणे मारापेक्षा सोपे जाणार, असा माझा हिशेब होता. त्याला स्टुलावर बसवले. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. नाव, गाव, नोकरी सांगितली. परीक्षेचे विचारले की जीभ बंद.

मी सहा जोड्यांतली एक टेबलावर ठेवली. तुकडे मुद्दाम उलटसुलट ठेवले होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत नव्हता. मग त्याचा हात आपोआप पुढे आला. त्याने तुकडे सुलटे केले, एकमेकांत सरकवले आणि परत हात मांडीवर ठेवला. मी विचारले, यात काही खोट आहे का. तो म्हणाला, “खालच्या अंगाला किंचित उजेड दिसतोय. त्या दिवशी कानस बोथट व्हती.”

एवढे बोलल्यावर नाही म्हणण्यात अर्थ उरला नव्हता, हे त्यालाही कळले. तेव्हा मी त्याला, ज्याच्या नंबरावर हा जॉब आहे तो कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि त्याने बसवलेल्या चावीपायी काय झाले, ते सांगितले. अपघात झाल्याचे त्याने ऐकले होते. त्याचा या परीक्षेशी संबंध आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

“कुठला हात?” त्याने विचारले.

“उजवा.”

त्याने पाणी मागितले. पण तो ते प्यायला नाही. तांब्या तसाच धरून त्याने सगळे सांगितले, आणि मी कारकुनाला न बोलावता स्वतः लिहून घेतले.

तो नोकरीला लागला तेव्हा त्याला कानशीचे नावही ठाऊक नव्हते. निदेशक मुलांना शिकवायचे तेव्हा तो बेंचच्या पलीकडच्या बाजूला झाडू घेऊन उभा असे. जेवणाच्या सुट्टीत भंगारातला तुकडा व्हाइसला लावून तेच करून बघे. “मुलं मास्तरांच्या मागं उभी राहून बघायची,” त्याने सांगितले. “मी समोरनं बघितलं, साहेब. मास्तरांचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला. मला वाटलं कानस तशीच धरत्यात.” जेवण, लिहिणे, सगळे तो उजव्या हाताने करी. फक्त हे एक डाव्याने शिकला होता.

दोन वर्षांनी निदेशकाच्या लक्षात आले. त्यांनी ओरडायच्या ऐवजी त्याचा तुकडा हातात घेऊन पाहिला. त्यानंतर नमुन्याचे जॉब ते त्याच्याकडून करून घेऊ लागले. आणि एका वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला शिकणारी मुले घालतात तो निळा डगला दिला आणि उद्या अमुक नंबरच्या बेंचवर उभा राहा म्हणून सांगितले.

मी विचारले, तुला काय मिळायचे? तो म्हणाला, काही नाही. मी तीन वेळा तीन तऱ्हेने विचारले. त्याची खोली झडतीत पाहिली होती. एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक, तीत कपडे. काही मिळाल्याची खूण नव्हती.

“मग का उभा राहिलास?”

“परीक्षक पुण्याचा असायचा. त्याला म्या झाडू मारतो हे ठावं नसायचं,” तो म्हणाला. “निकाल लागला की मास्तर मला एकट्याला बाजूला घिऊन मार्क सांगायचे. मला मार्क ऐकायचं असायचं.”

सहाही परीक्षांचे मार्क त्याला तोंडपाठ होते. अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, नव्वद, असे. ज्यांच्या नावावर ते पडले त्यांपैकी दोघांचीच नावे त्याला आठवली.

मी निदेशकाला अटक केली. गुन्ह्याला तोतयेगिरी, फसवणूक आणि अपप्रेरणा यांची कलमे लावली. तरुण आणि त्याचे वडील आरोपी झाले. अटेंडंटही आरोपी. पण त्याच्याशिवाय निदेशकाविरुद्ध पुरावा उभा राहत नव्हता, कारण बाकी कागद निदेशकाच्या बाजूने होते. नवी फौजदारी प्रक्रिया संहिता नुकतीच लागू झाली होती. पोलीस प्रॉसिक्यूटरांशी बोलून मी त्याला माफीचा साक्षीदार करण्याचे ठरवले. जामिनावर नसलेल्या माफीच्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत कोठडीत राहावे लागते, म्हणून आधी त्याला जामीन मिळू दिला. त्याला जामीन कोण राहणार हा प्रश्न होता. चीफ फिटर राहिला.

जामिनावर सुटला त्या दिवशी अटेंडंट गावी गेला नाही. मिरजेला गेला. दवाखान्यात त्या मजुराच्या खाटेशेजारी जाऊन बसला आणि त्याने आपण कोण ते सांगितले. हे त्याने मला दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यायला आला तेव्हा, न विचारता सांगितले. मी रागावलो. साक्षीदाराने जखमीला भेटणे बचावाच्या वकिलाच्या हातात कोलीत देण्यासारखे होते. मग मी विचारले, मजूर काय म्हणाला?

मजूर शिव्या देईल असे त्याला वाटले होते. मजुराने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, तू बसवली असतीस तर चावी बसली असती? हा म्हणाला, व्हय. तेव्हा मजूर म्हणाला, “मग तू का न्हाई आलास रं कामाला?”

“मी काय सांगू त्येला?” त्याने मला विचारले. “मला घ्यायचंच न्हाईत. मी चौथी हाय.”

मी त्याला घरी जायला सांगितले. पण तो प्रश्न माझ्या टेबलावरच राहिला. आरोपपत्रासाठी संस्थेचे परीक्षाविषयक नियम आणि परिपत्रकांची फाईल मी जप्त केलेली होती. कोणत्या कलमाखाली कोणता नियम मोडला हे नोंदवण्यासाठी ती मी सबंध वाचून काढली. त्यात एक परिपत्रक मिळाले. संस्थेत प्रवेश न घेतलेल्या, शाळा कमी झालेल्या माणसालाही, ठराविक वर्षे प्रत्यक्ष काम केल्याचा वरिष्ठाचा दाखला असेल तर बाहेरून परीक्षेला बसता येत होते. परिपत्रक येऊन कितीतरी काळ झाला होता. खाली प्राचार्यांची ‘पाहिले’ अशी सही. त्याखाली निदेशकाची.

मी ते घेऊन कोठडीत निदेशकाकडे गेलो. वास्तविक गुन्ह्याच्या तपासाला त्याची आवश्यकता नव्हती. मी विचारले, तुम्हाला हे माहीत होते?

“माहीत होतं,” तो म्हणाला.

“त्याला सांगितलं का नाही?”

त्याने परिपत्रकावरची आपली सही पाहिली. माणूस खोटे बोलणारा होता, पण त्या वेळी तो खोटे बोलला नाही. “तो पास झाला असता तर माझ्याकडे थांबला असता का, साहेब?” तो म्हणाला.

मी परिपत्रक फाईलला परत लावले.

खटला वर्षभराने चालला. अटेंडंटची साक्ष दीड दिवस झाली. बचावाचे वकील सांगलीचे नावाजलेले होते. त्यांनी त्याला कोर्टासमोर खोटारडा ठरवायचा प्रयत्न केला. सहा वेळा सहा वेगळ्या माणसांच्या नावाने खोट्या सह्या केल्यास हे खरे ना, असे त्यांनी विचारले.

“व्हय,” तो म्हणाला. “सह्या खोट्या. काम खरं.”

मॅजिस्ट्रेटनी लिहिता लिहिता मान वर केली, त्याच्याकडे पाहिले आणि ते वाक्य जसेच्या तसे नोंदवून घेतले.

निदेशकाला कैद झाली. अपिलात मुदत कमी झाली, शिक्षा कायम राहिली. वडिलांना शिक्षा झाली. तरुणाला वयाकडे पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. सहाही सर्टिफिकेटे रद्द झाली. त्यातले दोघे तोवर मुंबईकडे कारखान्यांत कामाला होते, त्यांच्या नोकऱ्या गेल्या. मजुराला कारखान्याने गेटवर वॉचमन केले. तो डाव्या हाताने सही करायला शिकला. अटेंडंट माफीमुळे शिक्षेतून सुटला, पण संस्थेने त्याला कामावरून काढून टाकले, आणि नियमाने ते बरोबरच होते. चीफ फिटरने त्याला कारखान्यात रोजंदारीवर हेल्पर म्हणून घेतले. मॅनेजरने हरकत घेतली तेव्हा चीफ फिटरने त्याला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. हरकत मागे घेतली गेली एवढे कळले.

तिथून बदली होऊन जाताना मी एक केले. त्या परिपत्रकाची नक्कल टाईप करून घेतली आणि चीफ फिटरच्या हातात दिली.

त्यानंतर दोन ठाणी बदलली आणि मी कोयनानगरला होतो. एका सकाळी घाटातून येणाऱ्या एसटीने तो अटेंडंट आला. अंगावर कारखान्याचा खाकी शर्ट. मी आधी ओळखले नाही. कारखान्यातली लागणारी वर्षे भरल्यावर चीफ फिटरने दाखला दिला होता, आणि तो बाहेरून परीक्षेला बसला होता. स्वतःच्या नावाने. पास झालो, असे त्याने सांगितले.

मी अभिनंदन केले आणि मार्क विचारले. पोलिसाची सवय.

“चौसष्ट,” तो म्हणाला.

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. तो थोडा हसला. सकाळी बेंचवर उभा राहिला, कागदावर आपले नाव बघितले आणि हात थरथरायला लागला, असे त्याने सांगितले. दोन्ही दिवस थरथरत होता. “दुसऱ्याचं नाव असलं की भ्या नसायचं, साहेब. चुकलं तर त्येचं चुकायचं.” परीक्षकाने जॉब उजेडाकडे धरला तेव्हा मधून चांगला उजेड दिसत होता. तो त्याला दिसत होता, परीक्षकालाही दिसत होता. तरी तुकडा पास करण्याजोगा होता.

सर्टिफिकेट त्याने आणले नव्हते, ते कारखान्याच्या ऑफिसात दिले होते. फक्त सांगायला आला होता. जेवून जा म्हटले तर दुपारच्या गाडीने परत जायचे आहे, दुसऱ्या दिवशी पाळी आहे, म्हणाला. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. रस्त्यात किरकोळ बोलणे झाले. त्याने चीफ फिटर निवृत्त होऊन गावी गेल्याचे सांगितले, मी धरणाच्या पाण्याचे सांगितले.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे मी एक सवय ठेवली. खात्याचे परिपत्रक आले की ते फाईलला लावण्याआधी सकाळच्या हजेरीला मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि शिपायांना, ड्रायव्हरला, झाडूवाल्यालाही उभे करायचे. कंटाळा करत, तरी ऐकत. त्यातून चारदोन जण खात्याच्या परीक्षेला बसले, एक ड्रायव्हर पुढे जमादार झाला. फार मोठे काही घडले असे नाही.

आमच्या पोलीस प्रशिक्षणात गुन्हा कसा घडला आणि का घडला हे दोन प्रश्न आम्हाला घोकून घेतले होते. त्या माणसाला सरळ वाट होती का, आणि असली तर ती त्याला कुणी सांगितली होती का, हा तिसरा प्रश्न मी या प्रकरणात शिकलो. निदेशकावर आम्ही तीन कलमे लावली आणि तिन्ही सिद्ध केली. त्याने त्या माणसाचे जे सर्वांत मोठे नुकसान केले, त्यासाठी मी संहिता पुन्हा पुन्हा चाळली. त्याला कलम नव्हते.